डावी परगावी असते

१२ फेब्रुवारी

टिल्ल्या,

'प्रिय' लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, दुसऱ्याच कुणाच्या बहिणीचं पत्र चुकून तुझ्या दारात पडलं. म्हणून नुसतं टिल्ल्या. आता तू माझ्याहून वीतभर उंच आहेस, पण नाव काही आम्ही बदललेलं नाही.

तुझा नवा फोन नंबर आमच्याकडे नाही. पत्ता आहे. आईने थंडीत तुला निळा स्वेटर पाठवला होता, ते पार्सल परत आलं नाही. परत आलं नाही म्हणजे पत्ता बरोबर आहे, असं आईचं गणित. गळा जरा मोठा झालाय त्याचा. घालतोस का, ते विचारत नाही.

सरळ सांगते. आईला कॅन्सर झालाय. गर्भाशयाच्या तोंडाचा. किती महिने तिच्या अंगावरून जात होतं कुणास ठाऊक, बोलली नाही. मी दिवसभर उभी कुठे असते, तर बायकांच्या कॅन्सरच्या ऑपरेशन थिएटरात, कॅमेऱ्याच्या मशीनपाशी. आणि इथे माझ्या घरात माझी आई आपले कपडे वेगळे काढून थंड पाण्यात धुवायची, आणि मला वाटायचं गीझर बिघडलाय. मी माणूस बोलावला! त्याने गीझर उघडला, बघितला, म्हणाला, ताई, ह्याला काहीही झालेलं नाही. आई बाजूला उभी राहून मान हलवत होती.

मॅडमनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या सर्जन. त्या कुणाला 'बसा' म्हणाल्या की आम्ही काय ते समजतो. मी म्हटलं, मी उभीच बरी. तरी बसवलं. गाठ अजून लांब गेलेली नाही, ऑपरेशनने निघेल, असं त्या म्हणतात. त्या उगाच धीर देणाऱ्यातल्या नाहीत.

आता तुला का कळवतेय ते. किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत एक नळी येते, मूत्रवाहिनी. बारीक, फिकट, आजूबाजूच्या शिरांसारखीच दिसणारी. ती गर्भाशयाला अगदी घासून जाते, आणि गर्भाशयाची रक्तवाहिनी नेमकी तिच्यावरून आडवी गेलेली असते. वरची बांधायला जावं आणि खालची चिमट्यात सापडावी, हे चांगल्या चांगल्या हातांकडून होतं. वेळेत कळलं तर दुरुस्त करता येतं. नाही कळलं तर त्या बाजूची किडनी गुपचूप सुजते आणि निकामी होते. बाकीच्या बायकांना निदान दुसऱ्या बाजूची असते.

आईला नाही. डावी तुझ्याकडे आहे.

तुला बोल लावायला लिहीत नाहीये. परत लिहिते, तुला बोल लावायला लिहीत नाहीये. बाबा तेव्हा नव्हते, माझा रक्तगट जुळला नाही, आईचा जुळला. ह्यात कुणाचं काय चुकलं? पण एकच उरलीय आणि तिच्याच शेजारी सुरी चालायची आहे, हे तुला माहीत असावं असं मला वाटलं. बस्स.

मी ठीक आहे. रडू येत नाही. काल बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिले, येईल म्हणून. थोड्या वेळाने म्हटलं, उगाच पाणी वाया जातंय.

गोळ्यांचं विचारणार नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

टिल्ल्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी लेटरबॉक्स उघडून बघितला. गाद्यांच्या सेलचा कागद होता.

आईला घेऊन मॅडमकडे गेले होते. तिने आधी इस्त्रीची साडी काढली, मग म्हणाली, नको, उगाच श्रीमंत वाटू, आणि साधी नेसली. मॅडमनी तिला चित्र काढून दाखवलं. हे गर्भाशय, ही रक्तवाहिनी, ही तुमची नळी, काकू. एकच आहे म्हणून आपण एक औषध वापरणार. हाताच्या शिरेतून द्यायचं, ते किडनीतून गाळून नळीत उतरतं. मग खास कॅमेरा लावला की नळी पडद्यावर हिरवी उजळून दिसते.

"म्हणजे पोटात दिवा लागणार?" आई.

"तुम्हाला आम्हाला नाही दिसणार, काकू. फक्त कॅमेऱ्याला. तो तुमच्या लेकीचाच कॅमेरा आहे."

"मी नंतर हिरवी नाही ना राहायची?"

"नाही."

"मग मुलाच्या पोटातली पण दिसेल का हो? माझीच आहे ती."

मॅडम म्हणाल्या, "त्याला आणून टेबलावर झोपवलात तर दिसेल." आई इतकी हसली की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत डोकवायला लागल्या. मला हसू आलं नाही. मी पंख्याकडे बघत होते. त्याचं एक पातं जरा वाकडं आहे.

दुसरा एक रंग असतो, तो खालून पिशवीतून बारीक नळी घालून मूत्रवाहिनीत सोडतात. आमच्याकडे बहुतेक वेळा तोच. मॅडम म्हणाल्या, एकुलती एक आहे, तिच्यात काहीबाही घालून तिला डिवचायचं नाही. शिरेतूनच देऊ. मी मान हलवली. कामावर मी हलवते तशीच.

घरी आल्यावर आईने फळीवरची वाटी काढून घासली. हो, ती वाटी अजून आहे. तुझी. तुला आठवत नसेल तर नशीबवान आहेस. किडनी टिकवायच्या रात्रीच्या गोळीची पट्टी संपली की ती त्या वाटीत टाकायची, आणि सकाळी आई चष्मा लावून पट्टी उलटीपालटी करून एकेक कप्पा बघणार. सगळे फुटलेत ना, एखादा भरलेला राहिला नाही ना. तू मिशी फुटलेला बाप्या झालास तरी बघायची. तुझं तोंड बघायच्या आधी ती तुझं पोट बघायची, हे मलाही दिसायचं. मी बोलले नाही, पण दिसायचं.

तू गेलास त्या दिवशी पट्टीत एक राहिली होती. ती म्हणाली, "ही का राहिली?" आणि तू वाटी भिंतीवर आपटलीस. "काढून घ्या परत तुमची किडनी! कापा आणि काढून घ्या!" बॅग तू आधीच भरलेली होतीस का रे? इतक्या लवकर कशी भरली, हा मला अजून प्रश्न आहे.

तू जिना उतरलास तेव्हा आईने वाटी उचलली, आतून अंगठ्याने पोचा दाबून बघितला आणि म्हणाली, "जेवून तरी गेला असता." तुझ्या त्या वाक्याबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. मीच मनात धरून बसलेय.

पोचा तसाच आहे. घासताना त्यात साबण अडकतो.

ताई


२३ फेब्रुवारी

टिल्ल्या,

उद्या ऑपरेशन. आईला आज दाखल केलं. खिडकीजवळचा पलंग मिळालाय, त्यावरून खालची गाड्या लावायची जागा दिसते. कोण नीट गाडी लावतो आणि कोण नाही, ह्यावर ती दुपारभर मतं देत होती.

मग मला घरातलं सांगत बसली. दुधवाल्याला काय सांगायचं, मीटरची चावी कुठे, तिची लोकरीची पिशवी कुणाला द्यायची. मी म्हटलं, काय निरवानिरव लावलीयस? म्हणाली, "निरवानिरव कसली, तुझ्या काही लक्षात राहत नाही म्हणून सांगते." मग बऱ्याच वेळाने, जणू काही आठवलं म्हणून, म्हणाली, "त्याला कळवलंस?"

मी 'हो' म्हटलं.

"काय म्हणाला?"

मी म्हटलं, पोस्ट हल्ली फार उशिरा पोचतं. तिने परत खाली बघितलं. एक पांढरी गाडी दोन जागा अडवून उभी होती.

मॅडमनी मला आत उभं राहायची परवानगी दिलीय. नियमात बसत नाही. भिंतीला टेकून, हात मागे, तोंड बंद. मशीनवर माझ्या जागी चष्मा असेल. चष्मा म्हणजे माझा कामावरचा जोडीदार, त्याला चष्म्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. तो आज मला म्हणाला, "तू काळजी करू नकोस, मी डोळ्यांत तेल घालून बघेन." चांगला आहे बिचारा. मी काळजी करत नाहीये. मला आतून काहीच होत नाहीये, हीच काय ती काळजी. सकाळी चहात मीठ घातलं आणि तसाच पूर्ण प्यायले. संपल्यावर कळलं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते. कुणाला तरी सांगून झोपावं असं वाटलं आणि दुसरं कुणी नाही.

ताई


२५ फेब्रुवारी

टिल्ल्या,

आई आहे. हे आधी लिहिते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील. तुझी सवय मला माहीत आहे.

आता पहिल्यापासून.

आमच्याकडे एक पद्धत आहे, मॅडमची स्वतःची. औषध दिलं, ते नळीत उतरलं, की मॅडम 'दिवे' म्हणतात. मग टेबलावरचे मोठे दिवे बाजूला वळवायचे, खोलीत निम्मा अंधार होतो, आणि पडद्यावर पोटाच्या करड्या चित्रात दोन हिरव्या रेघा दिसतात. कॅमेऱ्यावरच्या माणसाने मोठ्याने सांगायचं, "उजवी दिसली, डावी दिसली." ते ऐकल्याशिवाय मॅडम पुढे सरकत नाहीत. रोज ते मी म्हणते. झोपेतसुद्धा म्हणत असेन.

काल मॅडम 'दिवे' म्हणाल्या, दिवे वळले, आणि चष्मा एका दमात म्हणाला, "उजवी दिसली, डावी दिसली."

पडद्यावर एकच रेघ होती.

मॅडमचा हात थांबला. "डावी कुठे दिसली तुला?"

चष्म्याला फाईल पाठ होती रे. डोळ्यांत तेल होतं, पण तोंडाला सवय होती. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावी परगावी असते."

मास्कच्या आत कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "भिंतीने बोलायचं नाही." मग चष्म्याला म्हणाल्या, "पुन्हा म्हण. सवयीचं नको, दिसतंय ते म्हण."

"उजवी दिसली. डावी... नाही."

"आता कसं."

डावीकडे खाली, पिशवीजवळ, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी बांधून ठेवलेलं नळीचं टोक आहे. त्यातून काही वाहत नाही म्हणून ते उजळत नाही. मॅडमनी ते चष्म्याला बोटाने दाखवलं. मी मान लांब करून बघितलं. म्हणजे तुझी इथली खूण अजून तिच्या पोटात आहे, आणि तिला गाठ मारलेली आहे.

मग बराच वेळ नुसतं काम चाललं. भूलवाले डॉक्टर आपल्या स्टुलावर बसून आकडे बघत होते. मला कुणीतरी स्टूल दिलं, मी बसले नाही.

उजव्या बाजूला आल्यावर मॅडम सावकाश झाल्या. तिकडे कॅन्सरने आजूबाजूचं सगळं आपल्याकडे ओढून घट्ट करून ठेवलं होतं. त्यांनी रक्तवाहिनी शोधली, चिमटा लावला, दाबायच्या आधी म्हणाल्या, "दिवे."

वरची रेघ हिरवी होती. ती चिमट्यापर्यंत येत होती आणि तिथे संपत होती.

"उजवी?"

"वर दिसतेय. खाली दिसत नाही." चष्मा दिसतंय तेच म्हणाला.

लघवी सलग वाहत नाही, टप्प्याटप्प्याने ढकलली जाते, मधे खंड पडतो. हे मला माहीत आहे, मी रोज बघते. पण रोज ती आई नसते. मॅडम म्हणाल्या, "थांबू या. कुणी घाई करू नका." आणि सगळे थांबलो. त्या चिमटा धरून तशाच उभ्या, हाताला जरासाही कंप नाही.

मग वरून एक हिरवा ठिपका सरकत आला. चिमट्यापाशी आला. सरळ खाली जायला हवा होता, तो आत वळला, चिमट्याच्या दोन पात्यांच्या बरोबर मधून गेला, आणि पलीकडून बाहेर आला. नळी ओढली जाऊन रक्तवाहिनीला चिकटून बसली होती. मॅडमनी दोन्ही एकत्र धरल्या होत्या.

मॅडमनी चिमटा उघडला. काढून बाजूला ठेवला. जरा वेळ दोन्ही हात आईच्या पोटावर नुसते टेकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साध्या उजेडात मी हे दाबलं असतं." मग परत वाकल्या आणि त्या हिरव्या रेघेला भाताच्या शितासारखं बोटाने सोडवत... नाही, हे मी उगाच लिहितेय. सोडवली. एवढंच. पुष्कळ वेळ लागला आणि सोडवली. गर्भाशय निघालं, आजूबाजूचं निघालं, गाठी निघाल्या. नळी राहिली.

मला तेव्हा काय वाटलं विचारशील, तर डोक्यात एकच, आज कॅमेऱ्याची काच कुणी पुसली होती? मीच पुसली होती, सकाळी.

शेवटी टेबलाखाली लटकवलेल्या पिशवीत लघवी साचायला लागली. चष्मा म्हणाला, "इतकी सुंदर लघवी मी आयुष्यात पाहिली नाही," आणि मग लाजला. त्याला मी आज डबा देणार आहे.

आईला बाहेरच्या खोलीत आणलं तेव्हा मी पलंगाच्या कठड्याला धरून उभी होते. तिने डोळे किलकिले केले. ओठ सुकले होते. पाणी मागेल म्हणून मी कान जवळ नेला.

म्हणाली, "टिल्लूने गोळी घेतली?"

भुलीत माणसाला आजचा वार आठवत नाही. तिला सगळी मधली वर्षंच आठवत नव्हती. तिच्या मते तू आत खोलीत अभ्यास करत होतास.

मी म्हटलं, "घेतली."

"पट्टी?"

"वाटीत आहे."

"बरं," म्हणाली आणि झोपली.

तेव्हा मला रडू आलं. नेमकं जवळ बेसिन नव्हतं. इतकं आलं की आमचीच एक सिस्टर धावत आली, तिला वाटलं आईला काही झालं.

विचारणार नाही म्हणाले होते. विचारत नाहीये. मी तिला 'घेतली' असं सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

ताई


१३ मार्च

टिल्ल्या,

पाकीट मिळालं.

आधी वाटलं, पत्र घालायला विसरला. मग उलटं करून झटकलं तर जेवणाच्या टेबलावर पट्ट्या पडल्या. रिकाम्या. एक नाही, गठ्ठाच. त्यावरची औषधाची नावं मला अजून पाठ आहेत. नावाखालची तारीख बघून कळलं की काही जुन्या आहेत, पार मागच्या वर्षीच्या. म्हणजे तिकडे, एकटा, कुणी विचारणारं नसताना, तू त्या साठवत होतास. मूर्ख. कशाला साठवत होतास?

आई घरी आहे. तपासणीचा निकाल चांगला आलाय, काढलेल्या भागाच्या कडांना काही सापडलं नाही. किडनी झकास आहे. पण आई गप्प होती रे. ऑपरेशनपासून गप्प. हात पुढे कर म्हटलं की हात पुढे, सूप समोर ठेवलं की सूप. कशालाच नाही म्हणायची नाही. ती आणि मी, दोघी जणी घरात दोन खुर्च्यांसारख्या बसायचो. मॅडम म्हणाल्या, होतं असं, वेळ द्या. मी वेळ देत होते.

पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या.

"चिठ्ठी?"

"नाही."

"मग वाटी आण."

मी फळीवरून वाटी काढली. तिने चष्मा लावला, पाठीला उशी घेतली आणि सुरू झाली. एकेक पट्टी उचलायची, उलटी करायची, प्रत्येक कप्प्यावरून अंगठा फिरवायचा, वाटीत टाकायची. मी समोर बसून होते. वाटी भरत आली तेव्हा एका पट्टीवर तिचा अंगठा अडला.

"ही राहिलीय."

मी बघितलं. खरंच, कोपऱ्यातला कप्पा भरलेला.

"असेल एखादी."

"असेल एखादी म्हणजे? एखादी राहून चालते का? डॉक्टर काय म्हणाले होते? एकसुद्धा चुकवायची नाही! पहिल्यापासून हा असाच. लक्ष कुठे असतं ह्याचं? आणि तू, तू काय तोंड बघत बसलीस? दोघं सारखेच ढिले!" आवाज असा चढला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, सगळं ठीक आहे ना? संध्याकाळी तिने सूप परत केलं. म्हणाली, ह्यात मीठ आहे की नाही, माणसाने प्यायचं कसं हे.

मी स्वयंपाकघरात जाऊन मीठ घातलं. इतकं बरं वाटत होतं की मिठाचा डबा उघडाच राहिला.

ती एक मुद्दाम ठेवलीस की विसरलास, ते मी विचारणार नाही. ते तिला विचारायचंय. पट्टी उशीखाली घेऊन बसलीय, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नाही.

ये आणि बोलणी खा.

ताई